चर्वणपेशींचे दौर्बल्य आणि हन्वस्थीची वाढ : एक अभ्यास

प्रास्ताविक

रायगडच्या किनारपट्टीवर व्यवसाय करणाऱ्या वैद्याला जबड्याच्या तक्रारी नवीन नाहीत. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या भागातील सुपारीच्या बागांची अपरिमित हानी झाली, परंतु सुपारी चघळण्याची सवय काही वादळाने गेली नाही. तोंड पुरेसे न उघडणे, गाल आतून ताठ होणे, तिखट सहन न होणे ही लक्षणे घेऊन येणारे रुग्ण आपण सर्वच पाहतो. मात्र अलीकडे एक निराळाच प्रश्न माझ्यापुढे आला आणि त्याचे उत्तर त्या क्षणी मला देता आले नाही. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचा अभ्यास होय.

मुरूड तालुक्यातील एक माता आपल्या सोळा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलगी अकरावीसाठी शहरात नातेवाइकांकडे राहत होती. आपला चेहरा चौकोनी दिसतो, हे तिच्या मनाने घेतले होते. मैत्रिणीच्या सांगण्यावरून तिने एका सौंदर्योपचार केंद्रात दोन्ही गालांच्या मागील भागात पेशी बारीक करणारी इंजेक्शने घेतली. चार महिन्यांनी पुन्हा घेतली. घरी कळले ते त्यानंतर. चेहरा निमुळता झाला होता हे खरे, परंतु सुट्टीत घरी आल्यावर भाकरी आणि सुके बोंबील चावताना तिचा जबडा थकू लागला. तिसऱ्या खेपेची तारीख ठरलेली होती. आईने विचारले, "डॉक्टर, पोर अजून वाढीच्या वयाची आहे. याने तिच्या जबड्याचं हाड राहील ना नीट?"

प्रश्न साधा होता, पण त्यात शारीर, अस्थिवृद्धी, विषतंत्र आणि वैद्याची जबाबदारी असे चारही विषय गुंतलेले आहेत. त्यांचा क्रमाने विचार करू.

हनुप्रदेशाचे शारीर

चरकाचार्यांनी शारीरस्थानात हन्वस्थी एक मानून दोन हनुमूलबंधने वेगळी सांगितली आहेत. सुश्रुताचार्यांनी हनूची दोन अस्थी मोजली आहेत. अर्वाचीन शारीरानुसार अधोहनूचे अस्थी गर्भावस्थेत दोन अर्धांच्या रूपाने तयार होते आणि जन्मानंतर साधारण पहिल्या वर्षात हनुवटीच्या मध्यरेषेत ते दोन अर्ध एकरूप होतात. प्रौढात ते एक, अर्भकात दोन. दोन्ही गणनांमागची दृष्टी समजून घेण्यास ही माहिती उपयुक्त ठरावी.

सुश्रुताने हनूच्या ठिकाणी आठ पेशी सांगितल्या आहेत. आज चर्वणाच्या मुख्य पेशी प्रत्येक बाजूस चार मानतात : मॅसेटर, टेम्पोरॅलिस आणि आतील व बाहेरील टेरिगॉइड. दोन्ही बाजू मिळून आठ होतात. दोन्ही शास्त्रांची मोजण्याची रीत भिन्न असल्याने या जुळणीवर फार भार देऊ नये, एवढेच.

यांपैकी मॅसेटर ही आपल्या विषयाची मुख्य पेशी. दात घट्ट मिटून गालाच्या मागील बाजूस बोटे ठेवली की जी टणक गाठीसारखी हाताला लागते, तीच ही. गालाच्या हाडापासून निघून ती जबड्याच्या कोनापाशी चिकटते. प्रौढ मनुष्याच्या दाढांमध्ये सुमारे ५० ते ७० किलोग्रॅम भाराइतका दाब निर्माण होऊ शकतो, त्यात हिचा वाटा मोठा आहे. ही पेशी जाड झाली की चेहऱ्याचा खालचा भाग रुंद दिसतो.

अधोहनूची वाढ दोन मुख्य प्रकारांनी होते. कानापुढच्या हनुसंधीतील कंडाइल या टोकावर तरुणास्थीचे आवरण असते, तेथे वाढ होऊन जबडा लांब व उंच होतो. शिवाय अस्थीच्या पृष्ठभागावर एकीकडे नवे हाड रचले जाते व दुसरीकडे जुने झिजते. चेहऱ्याच्या अस्थींत अधोहनूची वाढ सर्वांत उशिरापर्यंत चालते. मुलींत ती बहुधा सोळा-सतराव्या वर्षापर्यंत आणि मुलांत अठरा-वीस वर्षांपर्यंत रेंगाळते. व्यक्तीनुसार यात पुष्कळ फरक पडतो.

औषधाची ओळख व कार्य

सदर इंजेक्शनातील द्रव्य बोट्युलिनम टॉक्सिन होय. बोटॉक्स हे त्याचे एक व्यापारी नाव. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूपासून मिळणारे हे विष ज्ञात विषांपैकी अत्यंत उग्र समजले जाते. जर्मनीतील वैद्य युस्टिनुस केर्नर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दूषित मांसाने होणाऱ्या विषबाधेचे तपशीलवार वर्णन केले. १८९५ साली बेल्जियममधील एका गावी खारवलेल्या डुकराच्या मांसातून अशी बाधा झाली, तेव्हा एमिल व्हान एर्मेन्गेम यांनी कारणीभूत जंतू शोधला. पुढे अमेरिकेतील नेत्रवैद्य अॅलन स्कॉट यांनी तिरळेपणाच्या चिकित्सेत अत्यल्प मात्रेत त्याचा उपयोग केला. १९८९ साली तेथे नेत्रविकारांसाठी आणि २००२ साली भुवयांमधील आठ्यांसाठी त्यास मान्यता मिळाली. वाढलेल्या मॅसेटरसाठी त्याचा वापर १९९४ पासून वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेला दिसतो.

तीक्ष्ण विषही युक्तीने वापरले तर उत्तम औषध होते आणि उत्तम औषधही अयोग्य वापरले तर विषासमान ठरते, हा चरकाचा सूत्रस्थानातील सिद्धांत आपणा सर्वांना पाठ आहे. त्याचे याहून चपखल उदाहरण सापडणे कठीण.

पेशीने आकुंचन पावावे अशी आज्ञा मज्जातंतूच्या टोकाकडून अॅसिटिलकोलीन या द्रव्याद्वारे पेशीकडे जाते. हे द्रव्य बाहेर सोडण्यासाठी तंतूच्या टोकात जी प्रथिने लागतात, त्यांपैकी एकाला हे विष छेदते. आज्ञा सुटतच नाही आणि पेशी शिथिल होते. काही दिवसांत परिणाम दिसू लागतो. न वापरलेली पेशी पुढील काही आठवड्यांत कृश होते आणि गाल बारीक दिसतो. कालांतराने तंतूचे कार्य पूर्ववत होते, पेशीचे बळ परतू लागते, व परिणाम टिकवावयाचा तर दर काही महिन्यांनी इंजेक्शन पुन्हा घ्यावे लागते. म्हणजे बाह्यतः हा परिणाम तात्पुरता आहे. 'काही महिन्यांत सगळे पूर्ववत होते' असे रुग्णास सांगितले जाते ते पेशीपुरते बहुतांशी बरोबरही आहे. अस्थीचे काय, हा खरा प्रश्न आहे.

पेशी आणि अस्थी यांचे नाते

अस्थी ही दगडासारखी निश्चल वस्तू नाही. तिच्यावर जसा भार पडतो तशी तिची रचना बदलते, हे जर्मन शस्त्रवैद्य युलियुस वोल्फ यांनी १८९२ साली ग्रंथरूपाने मांडले. भार वाढला की हाड दृढ होते, भार हटला की विरळ होते. अंथरुणास खिळलेल्या रुग्णाच्या पायांची हाडे आणि प्लास्टरमधून काढलेला हात यांत आपण हेच पाहतो.

जबड्याच्या बाबतीत हे नाते अधिकच निकटचे आहे. शेरवुड वॉशबर्न यांनी १९४७ साली नवजात उंदरांची टेम्पोरॅलिस पेशी काढून टाकली. ती पेशी जबड्याच्या ज्या उंचवट्याला चिकटते तो उंचवटा त्या बाजूस राहिलाच नाही. पेशी नाही तर तिचा आधारही नाही. १९५१ साली वॉट आणि विल्यम्स यांनी उंदरांना मऊ व कठीण अन्न देऊन जबड्याच्या वाढीची तुलना केली, तेव्हा अन्नाच्या काठिण्याचा परिणाम दिसून आला. मेल्विन मॉस यांनी साठच्या दशकात असा विचार मांडला की चेहऱ्याची हाडे स्वतःच्या आराखड्यानुसार एकटी वाढत नाहीत, भोवतीच्या मृदू धातूंच्या कार्यामागून ती वाढतात. हा सिद्धांत आज सर्वस्वी जसाच्या तसा मान्य नाही. आनुवंशिकतेचा वाटाही मोठा आहे. तथापि पेशींचे कार्य हा जबड्याच्या वाढीतील एक खरा घटक आहे याविषयी दुमत नाही.

निसर्गानेही हा प्रयोग मनुष्यात करून ठेवला आहे. जन्मजात स्नायुदौर्बल्याच्या काही विकारांत चर्वणपेशी लहानपणापासून क्षीण असतात. अशा मुलांचा चेहरा पुष्कळदा लांबट होतो, जबडा खाली व मागे फिरतो आणि पुढचे दात एकमेकांस मिळत नाहीत.

प्रयोगांत काय दिसले

वाढीच्या वयातील उंदरांवर बोट्युलिनम टॉक्सिनचे अनेक प्रयोग झाले. मॅसेटरमध्ये इंजेक्शन दिलेल्या बाजूस पेशी कृश झाली आणि जबड्याच्या उभ्या भागाची उंची, कंडाइलचा आकार, अशी काही मापे दुसऱ्या बाजूपेक्षा किंवा इंजेक्शन न दिलेल्या प्राण्यांपेक्षा कमी भरली. एकाच बाजूस दिले असता चेहरा असमान झाल्याचेही आढळले. वाढ थांबते असे नाही, ती कमी पडते.

प्रौढ सशांवरील प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. येथे वाढीचा प्रश्न नव्हता. तरीही इंजेक्शन दिलेल्या बाजूस कंडाइलचे व दातांच्या खोबणीभोवतीचे अस्थी विरळ झाले. विशेष म्हणजे तीन महिन्यांनी पेशीने काही बळ परत मिळवले असतानाही अस्थीची हानी भरून आलेली नव्हती. पेशी परतते, अस्थी मागे राहते, हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा वाटतो. पेशीच्या पुनरागमनाचा काळ आणि अस्थीच्या पुनरागमनाचा काळ एक नाही. मग अस्थी सावरण्यापूर्वीच पुढचे इंजेक्शन पडत गेले, तर हानी साचत जाण्याची शक्यता निर्माण होते.

या प्रयोगांच्या मर्यादाही ध्यानी घ्याव्यात. उंदीर कुरतडतो, मनुष्य दळतो. उंदराची वाढ काही आठवड्यांत आटोपते. शरीरभाराच्या मानाने प्राण्यांना दिलेली मात्रा बहुधा मोठी असते. म्हणून उंदरातील माप मनुष्यास जसेच्या तसे लावणे अशास्त्रीय ठरेल.

मनुष्यातील निरीक्षणे

२०१४ साली अमेरिकेतील एका छोट्या अभ्यासात, जबड्याच्या वेदनेसाठी चर्वणपेशींत वारंवार इंजेक्शने घेतलेल्या स्त्रियांच्या कंडाइलमध्ये अस्थीची घनता कमी दिसली. त्याच गटाने २०२० साली अधिक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात इंजेक्शन घेतलेल्या व न घेतलेल्या स्त्रियांत सरासरीने ठळक फरक आढळला नाही, मात्र अधिक मात्रा घेतलेल्यांविषयी सावधगिरीची सूचना त्यातून निघते. सौंदर्योपचार म्हणून वारंवार इंजेक्शने घेतलेल्यांत जबड्याच्या कोनापाशी अस्थी किंचित घटल्याच्याही नोंदी आहेत.

हे अभ्यास बहुतांशी प्रौढांवरील आहेत. वाढीच्या वयातील निरोगी मुलांवर असा प्रयोग करणे नीतीस धरून होणार नाही. त्यामुळे किशोरवयातील हानीचा पुरावा प्राण्यांवरून, जन्मजात पेशीदौर्बल्यावरून आणि अस्थिवृद्धीच्या तत्त्वांवरून जुळवावा लागतो. पुरावा अपुरा आहे म्हणून भय नाही, असे म्हणता येत नाही. तो अपुरा आहे म्हणून केवळ रूपासाठी केलेला उपक्रम वाढ पूर्ण होईपर्यंत टाळावा, हाच निष्कर्ष निघतो.

येथे एक भेद करणे अगत्याचे आहे. मेंदूच्या पक्षाघातात लाळ अनावर गळणाऱ्या मुलांच्या लाळग्रंथींत, किंवा ताठ झालेल्या अवयवांत, हेच औषध तज्ज्ञ देतात. तेथे मुलाचे दुःख मोठे असते व लाभ-हानीचा विचार वेगळा असतो. हे विष दूरच्या पेशींपर्यंत पसरून गिळण्यास व श्वासास अडथळा होऊ शकतो, म्हणून अमेरिकेत २००९ साली औषधावर ठळक इशारा छापणे बंधनकारक झाले. तरीही अशा मुलाच्या पालकांस आपण घाबरवून चालू उपचार बंद पाडू नयेत.

आयुर्वेदीय विचार

अस्थी व वात यांचा आश्रयाश्रयी संबंध इतर दोषधातूंपेक्षा विपरीत आहे. वात वाढला की अस्थी क्षीण होते. म्हणून प्रस्तुत अवस्थेस वातवृद्धीजन्य अस्थिक्षय म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो. परंतु येथे प्रथम घडते ती चेष्टेची हानी, म्हणजे व्यानाच्या कर्माचा त्या पेशीपुरता लोप. अस्थिक्षय त्यामागून येतो. अशा अवस्थेचे सरळ समीकरण मांडण्यापेक्षा पेशीच्या कर्माचा 'अयोग' हा हेतू आणि धातूचा अपचय हे कार्य, एवढे म्हणणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

स्नेहगण्डूषाची फलश्रुती सांगताना चरकाने हनूचे बळ आणि मुखाचा उपचय हे लाभ गणले आहेत. भरलेला चेहरा आपल्या शास्त्रात आरोग्याचे लक्षण आहे. आज त्याच उपचयास दोष मानून पेशी क्षीण करण्यासाठी विष टोचले जाते. सौंदर्याची कल्पना काळानुसार बदलते, त्याला वैद्याचा इलाज नाही. परंतु बदलत्या कल्पनेसाठी वाढता धातू खर्ची पडू नये, हे पाहणे वैद्याचे काम आहे.

रुग्णपरीक्षण व उपक्रम

वर सांगितलेल्या मुलीच्या बाबतीत कोणीच हेतू विचारलेला नव्हता. विचारल्यावर दोन गोष्टी निघाल्या. शाळेत असल्यापासून तिला सुपारी चघळण्याची सवय होती, आणि आईच्या सांगण्यानुसार ती झोपेत दात करकरा खात असे. या दोहोंनी मॅसेटर जाड होते. म्हणजे ज्या पेशीला क्षीण करण्यासाठी खर्च झाला, ती पेशी एका सवयीने वाढविलेली होती. निदानपरिवर्जन हा पहिला उपचार राहूनच गेला होता.

अशा रुग्णांत पुढील बाबी पाहाव्यात.

१. सुपारी, गुटखा, च्युइंगम, दात खाणे, एकाच बाजूने चावणे यांची चौकशी. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, परंतु चौकशी टाळू नये. सुपारी ही स्वतंत्रपणेही कर्करोगजनक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंस्थेने जाहीर केले आहे.

२. तोंड किती उघडते याची नोंद. साधारणपणे रुग्णाची स्वतःची तीन बोटे उभी मावावीत. न मावल्यास व गाल आतून पांढुरके, ताठ असल्यास मुखतंतुमयतेचा संशय घेऊन मुखरोगतज्ज्ञाकडे पाठवावे.

३. सूज पेशीची की लाळग्रंथीची, हे दात मिटवून व सोडवून हाताने तपासावे. पेशी दात मिटताना टणक होते, ग्रंथी तशी होत नाही.

४. इंजेक्शन झाले असल्यास दिनांक, खेपा, औषधाचे नाव व मात्रा लिहून घ्यावी. निरनिराळ्या कंपन्यांचे एकक परस्परांस समान नसतात.

५. गर्भिणी, स्तनदा आणि मायस्थेनियासारखे पेशीदौर्बल्याचे विकार असलेल्यांनी हे इंजेक्शन घेऊ नये, हे स्पष्ट सांगावे. इंजेक्शनानंतर गिळण्यास, बोलण्यास वा श्वासास त्रास झाल्यास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

सदर मुलीस तिसरे इंजेक्शन न घेण्याचा सल्ला दिला. पुढील तुलनेसाठी जबड्याचा क्ष-किरण फोटो काढून दंतवैद्याकडून दातांची मिळणी तपासून घेतली व रात्री दातांवर बसविण्याचे आवरण करून घेतले. सुपारी बंद केली. तिळतेलाचा कवल व गण्डूष, गालांस हलका अभ्यंग, आहारात दूध, नाचणी, तीळ व मासळी अशी योजना केली. चर्वण टप्प्याटप्प्याने वाढविले : प्रथम मऊ भात व तांदळाची भाकरी, मग नाचणीची भाकरी, शेवटी सुकी मासळी व भाजलेले शेंगदाणे. अस्थिक्षयात चरकाने सांगितलेले तिक्तक्षीरसिद्ध बस्ती या वयात व या अवस्थेत आवश्यक वाटले नाहीत.

सुमारे आठ महिन्यांनी तिचे चर्वण पूर्ववत झाले. दातांच्या मिळणीत बदल आढळला नाही. याचे श्रेय माझ्या उपचारास द्यावे असे मी म्हणणार नाही. औषधाचा प्रभाव ओसरणे हेच त्याचे मुख्य कारण. चेहराही बराचसा पूर्वीसारखा भरला आणि तो तिला पहिल्या दिवसापासून आवडला, असेही नाही. त्यासाठी तिच्याशी दोन-तीन वेळा निवांत बोलावे लागले. आईच्या प्रश्नाला मी असे उत्तर दिले : "दोन खेपांनी मोठी हानी झाली असावी असे दिसत नाही. परंतु वाढ पुरी होईपर्यंत हे पुन्हा करू नका, आणि वर्षाने जबडा पुन्हा तपासून घ्या."

उपसंहार

हल्ली काही दिवसांच्या अभ्यासक्रमानंतर अशी इंजेक्शने देण्याचे आवाहन आपल्या व्यवसायबंधूंनाही होत असते. त्यातील अर्थप्राप्ती उघड आहे. ज्या चिकित्सेतील उपद्रव आपणास सांभाळता येत नाहीत ती हाती घेऊ नये, हा विवेक प्रत्येकाने स्वतःपुरता करावा. जे औषध देण्याचा आपणास अधिकार वा अनुभव नाही, त्याविषयी रुग्णास योग्य सल्ला देण्याइतके ज्ञान मात्र आपणापाशी असलेच पाहिजे. गावातील आई प्रथम आपल्याच दारी येते.

थोडक्यात सांगावयाचे तर, चर्वणपेशी आणि हन्वस्थी हे एकमेकांच्या आधाराने वाढतात. पेशीचे बळ काही महिन्यांत परतते, अस्थी त्याच वेगाने परततेच असे नाही. प्रौढात विचारपूर्वक, आवश्यक असेल तेव्हा व तज्ज्ञाच्या हातून हे इंजेक्शन घेणे निराळे, आणि वाढीच्या वयात केवळ रूपासाठी ते वारंवार घेणे निराळे. रुंद जबडा घेऊन येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीस प्रथम तोंड उघडावयास सांगावे, आणि मग विचारावे : सुपारी खातोस का?